पेशी कमी आल्यात, आज केमो नाही

केमोथेरपी चालू असलेल्या घरात हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. पहाटे निघून रुग्णालय गाठायचं, रक्त द्यायचं आणि रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतात, "पेशी कमी आल्यात, पुढच्या आठवड्यात या." कर्करोगासाठी दिलेलं औषध रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या मागे का लागतं? खरं तर घडलं ते उलट. पहिलं औषध आधी पांढऱ्या पेशींच्या मागे लागलं, म्हणूनच ते कर्करोगावर वापरून बघावं असं वाटलं.

ही गोष्ट अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या औषधशास्त्र विभागातली, १९४२ सालची. दुसरं महायुद्ध चालू होतं. लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन या दोन प्राध्यापकांकडे सरकारने युद्धातल्या विषारी रसायनांचा अभ्यास सोपवला होता. वैद्यकाचे विद्यार्थी आजही 'गुडमन-गिलमन' म्हणून जो जाडजूड ग्रंथ वाचतात, तो याच दोघांनी आदल्या वर्षी प्रसिद्ध केला होता. त्यांच्या वाट्याला आलं नायट्रोजन मस्टर्ड, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसचं भावंड. गॅस लागलेल्या सैनिकांच्या पांढऱ्या पेशी घटतात, हे १९१९ मध्येच नोंदवलं गेलं होतं. येलमध्ये सशांना रसायन टोचल्यावर तेच दिसलं: पांढऱ्या पेशी जिथे साठतात त्या लसिका ग्रंथी आक्रसल्या, हाडांतली रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा रिती झाली.

लिम्फोमा हा याच पेशींचा कर्करोग. मग तोही आक्रसेल का? शरीररचनाशास्त्र विभागातल्या थॉमस डोहर्टी यांनी लिम्फोमाची गाठ असलेल्या एका उंदराला हे रसायन दिलं. दोन डोसांत गाठ मऊ पडली, मग दिसेनाशी झाली. पुढे ती परत आली, पण उंदीर ८४ दिवस जगला.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी सकाळी दहा वाजता पहिल्या माणसाला इंजेक्शन दिलं गेलं. कागदोपत्री त्याची ओळख फक्त 'जे. डी.' अशी. जबड्याच्या गाठीमुळे त्याला धड गिळताही येत नव्हतं आणि रेडिएशनचा उपयोग संपला होता. वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिग्रॅम, असं रोज, दहा दिवस. पाचव्या डोसापर्यंत त्याला बरं वाटू लागलं. तो गिळू लागला, झोपू लागला. मग पांढऱ्या पेशी कोसळल्या. गाठ परतली. नंतरच्या डोसांचा गुण कमी कमी येत गेला आणि १ डिसेंबरला तो गेला.

याला यश म्हणावं का? मी म्हणेन. शिरेतून दिलेल्या रसायनाने कर्करोगाची गाठ विरते, हे त्या माणसाने दाखवून दिलं. आणि आजही डॉक्टरांना पुरून उरणाऱ्या दोन अडचणीही त्याच्याच नोंदींत आहेत: मज्जेला बसणारा फटका आणि औषधाला न जुमानता परतणारा आजार.

यामागचं कारण पुढे उलगडलं. या रेणूला जणू दोन हात असतात. डीएनएच्या शिडीच्या दोन्ही बाजू धरून तो त्या एकमेकींना सांधून टाकतो. पेशी विभागायची तर शिडी उकलावी लागते; ती उकलत नाही आणि पेशी मरते. ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना फटका जास्त. म्हणून गाठीबरोबर मज्जा, केस, तोंडातलं अस्तरही सोसतं.

केमोथेरपी बारी बंदरातल्या दुर्घटनेतून जन्मली, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. इटलीतल्या या बंदरात मस्टर्ड गॅस वाहणारं जहाज बॉम्बहल्ल्यात सापडलं ते २ डिसेंबर १९४३ रोजी. तेव्हा जे. डी.ला जाऊन वर्ष उलटलं होतं. येलचं काम गुप्त असल्यामुळे १९४६ पर्यंत छापून आलं नाही, त्यातून हा घोळ झाला असावा. १९४९ मध्ये या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. स्तनाच्या कर्करोगात आणि लिम्फोमात आजही दिलं जाणारं सायक्लोफॉस्फमाइड त्याच घराण्यातलं.

जे. डी.ची फाइल येलच्याच डॉक्टरांनी अनेक दशकांनी शोधून काढली. तीत डोस आहे, तारीख आहे, वेळ आहे. औषधाचं नाव मात्र नाही. त्या जागी लिहिलंय, 'एक्स'.