हात धुण्याची सोय, अन्न कारखान्यांतील

अन्नपदार्थ निवडणे, शिजवणे, भरणे ही कामे करणाऱ्या कामगारांसाठी कामाच्या जागीच केलेली वाहते पाणी, साबण व हात कोरडे करण्याचे साधन यांची एकत्रित व्यवस्था. नुसते बेसिन बसवून ती पुरी होत नाही. नळ कोपराने, गुडघ्याने किंवा पायाने चालणारा असणे इष्ट. हाताने फिरवायच्या नळावर आधीचा मळ राहतो आणि बंद करताना धुतलेल्या हाताला तोच लागतो.

काही लेखक या प्रथेचा उगम व्हिएन्नातील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांच्या कार्यात (१८४७) पाहतात. ते कार्य, म्हणजे डॉक्टरांना हात धुवायला लावणे, प्रसूतिगृहापुरते होते. अन्नाच्या संदर्भात न्यूयॉर्कमधील स्वयंपाकीण मेरी मॅलन हिचे प्रकरण (१९०७) अधिक जवळचे ठरते. ती धडधाकट दिसे, पण तिच्या हातच्या अन्नातून विषमज्वर (टायफॉइड) पसरत होता.

पाणी किती गरम असावे, याबाबत एकमत नाही. यूरोपीय संघाच्या २००४ च्या नियमांत गरम व थंड वाहते पाणी सांगितले आहे, अंश दिलेले नाहीत. अमेरिकेच्या आदर्श अन्नसंहितेत (ती उपाहारगृहे व दुकानांसाठी आहे, कारखान्यांसाठी नव्हे) किमान मर्यादा ३८° से. होती, २०२२ मध्ये ती २९.४° से. करण्यात आली. रटगर्स विद्यापीठाच्या २०१७ मधील अभ्यासात १५°, २६° व ३८° से. पाण्याने जंतू घटण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. साबण आणि चोळण्याचा वेळ महत्त्वाचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र बर्फातली मासळी दिवसभर सोलणाऱ्या बाईला गार पाणी नकोसे होते व ती धुणे टाळते. कोमट पाण्याच्या बाजूने एवढेच म्हणता येते.

भारतात कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ४२ ने स्त्री-पुरुषांसाठी वेगळी, आडोसा असलेली धुण्याची सोय बंधनकारक केली. हे कलम उपाहारगृह, विश्रांतिकक्ष, पाळणाघर यांच्यासोबत ‘कल्याण’ प्रकरणात होते (२०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने या अधिनियमाची जागा घेतली). म्हणजे तो नळ कामगारासाठी होता, अन्नासाठी नव्हे. अन्नाच्या बाजूने तपशील आला तो अन्नसुरक्षा परवाना व नोंदणी विनियम, २०११ च्या अनुसूची ४ मध्ये. मत्स्यप्रक्रिया कारखान्यांत साबणानंतर क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवण्याची पद्धत आहे.

हात धुण्याच्या बेसिनात भाजी वा भांडी धुऊ नयेत, असा संकेत आहे. पोळी-भाजी केंद्रांसारख्या लहान जागी तिन्ही कामांना बहुधा एकच मोरी असते.