रिफंड अडवणारी जुनी डिमांड: पार्श्वभूमी

रिफंडची वाट बघत असावं आणि खात्यात पैसे येण्याऐवजी आयकर खात्याचा ईमेल यावा: आपल्या नावावर २००४-०५ या वर्षाची थकबाकी, म्हणजे ‘डिमांड’, दिसते, ती या वर्षीच्या परताव्यातून वळती करण्यात येत आहे. कर भरल्याचं पक्कं आठवतं, पण चलान कुठल्या फाईलला लावलं ते आठवत नाही. निवृत्त शिक्षकांपासून आयटीवाल्यांपर्यंत अनेकांनी हा ईमेल वाचला आहे. अशा वेळी बहुतेक जण चालू वर्षाच्या रिटर्नमध्ये चूक शोधत बसतात. चूक बऱ्याचदा वीस वर्षांपूर्वीच्या रजिस्टरमध्ये असते.

जादा गेलेला कर परत मिळण्याची तरतूद १९२२ च्या कायद्यात होती. १९६१ च्या आयकर कायद्यात ती कलम २३७ मध्ये आली. त्याच कायद्याच्या कलम २४५ ने अधिकाऱ्याला मुभा दिली की जुनी बाकी असेल तर परतावा देण्याऐवजी त्यातून ती वळती करावी. अट एवढीच, की करदात्याला आधी लेखी कळवावं. आदेशात उघड दिसणारी चूक असेल तर कलम १५४ खाली दुरुस्ती मागता येते. त्याही आधी, ११ एप्रिल १९५५ रोजी निघालेल्या एका परिपत्रकात आयकर अधिकाऱ्यांना बजावलं होतं की करदात्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नका, त्याला मिळणारी सवलत तुम्ही स्वतःहून दाखवून द्या. वकील मंडळी आजही ते न्यायाधिकरणापुढे वाचून दाखवतात. सत्तर वर्षांनंतरही ते वाचून दाखवावं लागतं, यातच काय ते आलं.

कागदाच्या काळात सगळा हिशेब वॉर्डात, म्हणजे आपल्या भागाच्या आयकर कार्यालयात, असायचा. कर बँकेत भरायचा, चलानाची एक प्रत आपल्याकडे, दुसरी यथावकाश खात्याकडे. ती वॉर्डात पोहोचून ‘डिमांड अँड कलेक्शन रजिस्टर’मध्ये आपल्या नावापुढे चढली तर बाकी मिटली. नाही चढली तर डिमांड तशीच उभी. अपिलात कर कमी झाला, पण त्या निकालानुसार नवा आदेश काढायचा राहिला, तरी तेच. अधिकारी बदलून जायचे, रजिस्टर मात्र जागेवर असायचं.

उशिराची किंमत सरकारने मोजावी म्हणून १ एप्रिल १९८९ पासून रिफंडवर व्याज देणारं कलम २४४अ आलं. आज त्याचा दर महिना अर्धा टक्का आहे. आपण कर थकवला तर महिना एक टक्का. शिवाय रिफंडवर मिळालेलं व्याज करपात्र!

या व्याजाच्या लढाईतलं गाजलेलं प्रकरण पुण्याचं आहे, व्यक्तीचं नसून कंपनीचं, पण तेव्हा त्याकडे सगळ्यांचेच डोळे लागले होते. दापोडीच्या सँडविक एशियाचे पैसे, वर्षावर्षाप्रमाणे १२ ते १७ वर्षं अडकले होते. मुंबई उच्च न्यायालयात हाती काही लागलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००६ मध्ये विलंबाबद्दल खात्याची कडक हजेरी घेतली आणि भरपाई द्यायला लावली. आता व्याजावर व्याज मिळणार, असा अर्थ लोकांनी काढला. २०१३ मध्ये गुजरात फ्लुरो केमिकल्सच्या निकालाने ती आशा संपवली: ती भरपाई त्या प्रकरणापुरती, बाकीच्यांना कायद्यात लिहिलंय तेवढंच व्याज.

दरम्यान बंगळुरूला सेंट्रलाइज्ड प्रोसेसिंग सेंटर, म्हणजे सीपीसी, सुरू झालं होतं. रिटर्न झपाट्याने तपासली जाऊ लागली आणि रिफंड लवकर येऊ लागले, हे श्रेय द्यायलाच हवं. पण वॉर्डांतल्या रजिस्टरांमधली थकबाकी न पडताळता या यंत्रणेत चढवली गेली. कारकुनाने कधीतरी अर्धवट सोडलेली नोंद आता संगणकाची डिमांड झाली, आणि संगणक ती इमानेइतबारे रिफंडातून कापू लागला. विचारायला गेलं तर सीपीसी म्हणणार, तुमच्या अधिकाऱ्याकडे जा. अधिकारी म्हणणार, आता सगळं सीपीसीकडे आहे.

एका चार्टर्ड अकाउंटंटच्या पत्राची दखल घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून हे प्रकरण हाती घेतलं आणि मार्च २०१३ मध्ये निकाल दिला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वसामान्य पगारदाराच्या सर्वांत उपयोगाचा निकाल हाच. दुरुस्तीच्या अर्जांची रजिस्टरमध्ये नोंद ठेवा आणि ते मुदतीत निकाली काढा, आधी कळवून करदात्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय रिफंड वळता करू नका, जी इंटिमेशन (रिटर्न तपासून काढलेली सूचना) करदात्याला कधी पोहोचलीच नाही तिच्या जोरावर वसुली करू नका, असे आदेश न्यायालयाने दिले. आज पोर्टलवर डिमांड अमान्य असल्याचं नोंदवून कारण देता येतं, त्या सोयीला या निकालाने बळ दिलं.

टीडीएसचं दुखणं वेगळं. मालकाने पगारातून कर कापला, पण सरकारजमा केला नाही, की फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, तो दिसत नाही आणि कर्मचाऱ्याच्या नावावर डिमांड निघते. कलम २०५ सांगतं की कापलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये यशपाल साहनी प्रकरणात तेच ठासून सांगितलं. तरीही किंगफिशर एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांना नोटिसा गेल्याच. प्रत्यक्ष कर मंडळाला २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना तशा सूचना द्याव्या लागल्या.

मधल्या काळात तक्रार ऐकायला आयकर लोकपाल होते. ती पदं २०१९ मध्ये रद्द झाली. मग फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी जे मान्य केलं ते महत्त्वाचं आहे: न पडताळलेल्या, न जुळलेल्या छोट्या डिमांड, काही थेट १९६२ पासूनच्या, अजून वहीवर आहेत आणि त्यामुळे पुढच्या वर्षांचे रिफंड अडतात. २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि त्यापुढे २०१४-१५ पर्यंतच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या डिमांड मागे घेतल्या गेल्या. एका करदात्यामागे कमाल मर्यादा एक लाख. सुमारे एक कोटी लोकांना फायदा होईल, असा सरकारचा अंदाज होता.

त्याच वर्षी नवा घोळ झाला, आणि यावेळी जुन्या रजिस्टरला दोष देण्याची सोय नव्हती. ५ जुलै २०२४ ला रिटर्न भरण्याचं सॉफ्टवेअर बदललं आणि शेअर्सच्या अल्पकालीन नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नावर कलम ८७अ ची (ठरावीक मर्यादेपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना करात मिळणारी) सूट मागायची सोयच बंद झाली. मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सने जनहित याचिका केली. सूट मिळते की नाही हे नंतर ठरेल, पण ती मागण्याचा रस्ता सॉफ्टवेअरने अडवता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. ज्यांना सूट आधी मंजूर झाली होती, त्यांच्यापैकी काहींना मग ती काढून घेणारे दुरुस्तीचे उलटे आदेश आले. सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकाने त्यांना ३१ डिसेंबरपर्यंत रक्कम भरल्यास व्याज माफ केलं. मूळ रक्कम मात्र भरायचीच.

नव्या आयकर विधेयकाच्या मूळ मसुद्यात रिटर्न मुदतीनंतर भरलं तर रिफंड नाही, अशी तरतूद शिरली होती. संसदेच्या निवड समितीने आक्षेप घेतला आणि ती वगळली गेली. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्याआधीच्या वर्षांचे वाद मात्र १९६१ च्या कायद्यानेच चालतील. त्यामुळे २००४-०५ ची डिमांड घेऊन येणाऱ्याला आजही दुरुस्तीचा अर्ज कलम १५४ खालीच करावा लागतो, आणि सोबत चलान जोडावं लागतं.