यादवी युद्धाचं पुस्तक परत आणण्याआधी

अमेरिकन यादवी युद्धावरचे संदर्भग्रंथ आमच्याकडून नेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे पत्रक आहे. परीक्षा जवळ आली की कुणी ना कुणी पुस्तक घेऊन येतं, "यात चुका आहेत, बदलून द्या." पान उघडून पाहिलं तर बहुतेक वेळा पुस्तक बरोबर असतं. ऐन अभ्यासाच्या दिवसांत तुमची खेप मात्र फुकट जाते.

सर्वांत जास्त तक्रार गुलामगिरीच्या सालाची. एका पानावर १८६३, दुसऱ्यावर १८६५. दोन्ही बरोबर आहेत. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ला लागू झाला, पण तो संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेतल्या बंडखोर प्रदेशापुरता होता. केंटकी आणि डेलावेअर या राज्यांत गुलामगिरी होती, पण ती संघराज्यातच राहिली होती. तिथले गुलाम त्याने मुक्त झाले नाहीत. देशभर गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती डिसेंबर १८६५मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. उत्तरात नुसतं १८६३ लिहिलं तर मुद्दा अर्धाच राहतो. ज्या पुस्तकात दोन्ही सालं आहेत, ते हातचं सोडू नका.

लढायांच्या नावांचंही तेच. सूचीत अँटीटम सापडली नाही तर शार्प्सबर्ग बघा. लढाई एकच, १७ सप्टेंबर १८६२ची. उत्तरेकडचे बहुधा जवळच्या नदी-ओढ्यावरून नाव देत, दक्षिणेकडचे गावावरून. बुल रन आणि मनॅसस ही अशीच जोडी.

मृतांचा आकडा जुन्या आवृत्त्यांत सुमारे ६ लाख २० हजार असतो. जनगणनेच्या नोंदींवरून २०११मध्ये साडेसात लाखांच्या आसपासचा अंदाज मांडला गेला, तो नव्या पुस्तकांत येतो. पावती करण्याआधी आम्ही आवृत्तीचं साल दाखवतो ते यासाठीच. घाईत असलेल्यांना तो खोळंबा वाटतो, पण पुढची कटकट वाचते. कारणं आणि घटनाक्रम वाचायचा असेल तर जुनी आवृत्ती खुशाल घ्या, ती आम्ही निम्म्या किमतीत देतो. आकडे हवे असतील तर नवीच घ्या.

पानं गळालेली असतील, फॉर्मा (एकत्र बांधलेल्या पानांचा गठ्ठा) उलटा लागला असेल, तर पुस्तक लगेच बदलून मिळेल. पेन्सिलीच्या खुणा केलेलं मात्र नव्याच्या भावात परत घेता येत नाही. पुढच्या विद्यार्थ्यालाही कोरं पुस्तक मिळायला हवं.

एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी एक खास सुचवणी. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, इंग्लंडमधल्या लँकशायरच्या कापड गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि मुंबईत कापसाचे भाव कडाडले. १८६५मध्ये युद्ध संपलं तशी कापसाच्या पैशावर चढलेली इथली शेअरची तेजीही कोसळली. अमेरिकेत छापलेल्या ग्रंथांत हे फार तर ओझरतं येतं. जुन्या मुंबईच्या व्यापारावरची पुस्तकं आम्ही मुद्दाम त्याच कपाटात ठेवली आहेत, चाळून बघा.

तरीही शंका राहिलीच, तर त्या पानाचा आणि आवृत्तीचं साल छापलेल्या पानाचा फोटो आधी पाठवा. पुस्तक घेऊन यायची गरज आहे का, ते आम्ही त्याच दिवशी कळवतो.