दगड-विटांच्या बांधकामाचे संगणकीय प्रतिमान

दगड किंवा विटा आणि त्यांना सांधणारा चुना, माती वा सिमेंट यांची भिंत भाराखाली कशी वागेल, तिला तडा कोठे जाईल आणि ती कशी ढासळेल, याचे गणित संगणकावर मांडण्याच्या पद्धतीला बांधकामाचे संगणकीय प्रतिमान म्हणतात. वीट दाब सहज पेलते, सांधा मात्र ताणापुढे लगेच उघडतो. म्हणून भिंतीचे गुण म्हणजे विटेच्या व चुन्याच्या गुणांची नुसती बेरीज नव्हे. या अर्थाने प्रत्येक भिंत संमिश्र द्रव्यच असते. विदर्भातील खेड्यांत पांढऱ्या मातीत कुटार मिसळून उभारलेली भिंत आणि बांबूच्या तट्ट्यावर शेणामाती लिंपलेला कूड यांनाही हेच लागू आहे; कुटाराचे धागे माती वाळताना पडणाऱ्या भेगा आवरून धरतात.

दगडी बांधकामाला ताण मुळीच पेलत नाही, त्याची दाब सोसण्याची शक्ती अमर्याद आहे आणि दगड एकमेकांवरून घसरत नाहीत, अशी तीन गृहीतके स्थापत्य अभियंते जाक हेमन यांनी 1966 मध्ये मांडली. कमानींच्या अभ्यासाला ती आजही पुरतात. 1971 मध्ये पीटर कंडल यांनी प्रत्येक ठोकळा सुटा धरून त्यांच्यामधील स्पर्श व घर्षण मोजणारी पद्धत दिली; लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारख्या, चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेल्या हेमाडपंती वास्तूंच्या विचाराला ती विशेष जवळची आहे. सांत घटक पद्धतीत, म्हणजे रचनेचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येकाचे गणित जोडण्याच्या पद्धतीत, एक तर संपूर्ण भिंत एकजिनसी मानतात किंवा प्रत्येक सांधा वेगळा दाखवतात. दुसरा मार्ग अचूक असला तरी गणित अतिशय वाढवतो, त्यामुळे मोठ्या वाड्यासाठी पहिलाच मार्ग व्यवहार्य ठरतो.

विदर्भात सर्वांत जास्त काळजी पायाची घ्यावी लागते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराच्या कडेची माती मधल्या मातीपेक्षा आधी भिजते व आधी वाळते, म्हणून कोपऱ्यांचा आधार सुटतो आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून सांध्या-सांध्यांतून पायऱ्यांसारखा तिरपा तडा चढतो. जोत्याखालचा आधार अढळ मानणारे प्रतिमान हा तडा दाखवूच शकत नाही. त्यासाठी पायाखाली कमीजास्त ताठरतेच्या स्प्रिंगा कल्पून कोपऱ्यांची हालचाल मुद्दाम द्यावी लागते.

जाड दगडी भिंतीत बाहेरचे दोन थर आणि मधली भर यांची सांगड नसेल, तर हादऱ्याने थर फाकतात. मराठवाड्यात 30 सप्टेंबर 1993 रोजी झालेल्या किल्लारीच्या भूकंपात अशा भिंती मोठ्या प्रमाणावर कोसळल्या. अशी भिंत एकसंध ठोकळा म्हणून मांडणे ही प्रतिमानातील गंभीर चूक होय. दोन्ही थर जोडणारे आरपार दगड आहेत की नाहीत, हे आधी भिंतीवर जाऊन पाहायला हवे. मातीच्या सांध्याची घर्षणक्षमताही ओलाव्यानुसार बदलते, त्यामुळे वैशाखात तपासलेल्या भिंतीचे आकडे आषाढात जसेच्या तसे वापरता येत नाहीत आणि दोन्ही ऋतूंसाठी गणित वेगळे करावे लागते.