वाटीभर पाणी, ते मोजायचं की नाही?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. कूलर गरम वारा फेकतो, दुपारी नळाला हात लावला तर चटका बसतो. अशात दोन महिन्यांचं बाळ किरकिरलं की आजी वाटी-चमचा घेऊन हजर. “पोरले पानी पाज व माय, घसा सुकी जाई त्याना.”

पुढच्या आठवड्यात आशाताई येतात. बाळाला काय देता, विचारतात. “फक्त अंगावरचं,” बाळंतीण सांगते, आणि तिच्या मते ते खरंच असतं. पाणी तिच्या हिशेबात धरलेलंच नाही. गुटी म्हणजे औषध, मधाचं बोट म्हणजे रीत. हा घोळ सर्वेक्षणवाल्यांना पुरता ठाऊक आहे. म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कालच्या दिवस-रात्रीत पाणी दिलं का, वरचं दूध दिलं का, असं एकेक करून विचारतात. २०१९-२१ च्या फेरीत देशातली सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के बाळं निव्वळ स्तनपानावर, म्हणजे वरून पाणीही न घेता फक्त आईच्या दुधावर, होती. त्याआधी, २०१५-१६ मध्ये, ५४.९ टक्के.

आता आजीच्या शंकेकडे येऊ, कारण ती रास्त आहे. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. पण पाणी तर गाईच्या दुधातही तेवढंच! फरक पडतो तो उरलेल्या भागात. गाईच्या दुधात प्रथिनं साधारण तिप्पट, सोडियमही जास्त. त्यातलं नको ते बाहेर टाकायला बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना पाणी खर्चावं लागतं. आईच्या दुधात हा भार इतका हलका की घामासाठी पाणी शिल्लक राहतं. उष्ण, कोरड्या मुलखांत बाळांच्या लघवीचा घट्टपणा मोजून हे पडताळलेलं आहे. वरून थेंबभरही पाणी न घेतलेल्या बाळांची लघवी ठीकच निघाली.

उलट चमचाभर पाण्याने पोट भरलं की बाळ तेवढं दूध कमी ओढतं. आणि दुधाचं गणित असं, की छाती रिकामी होईल तसं नवं दूध तयार होतं. भरलेली राहिली की काम मंदावतं. मग “हिला दूध पुरत नाही” सुरू होतं, बाटली येते, पाठोपाठ जुलाब. खरं तर दूध पुरतंय का, हे लंगोट सांगतात. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा-सात ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर पुरतंय. (डॉक्टरांनी दिलेले थेंब किंवा औषध निव्वळ स्तनपानाच्या आड येत नाही. मध मात्र वर्षभर नकोच. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.)

चिकाचंही असंच. गाय व्याली की खरवसासाठी शेजारी हक्काने भांडं धाडतात, आणि बाईचा पिवळा चीक काही घरांत अजून ‘जड’ म्हणून पिळून टाकतात. त्यात रोगप्रतिकारक घटक ठासून भरलेले असतात, बाळाची पहिली काळी शी बाहेर पडायलाही तो मदत करतो.

सगळं माहीत असूनही न जमणाऱ्या आया वेगळ्याच. २६ आठवड्यांची पगारी रजा नोकरदार बाईला; कापूस वेचायला किंवा केळीच्या बागेत रोजाने जाणारीला कोण देणार? तिच्या झोपडीत काढून ठेवलेलं दूध उन्हाळ्यात टिकवायला फ्रीजही नसतो.

बाळ ओढू लागलं की कोरड पडते ती आईच्या घशाला. कित्येक बायकांना हा अनुभव असतो. आजीने पाणी आणावंच, तांब्याभर. वाटी-चमचा तेवढा फडताळात राहू द्यावा.