आयटीआय प्रवेश: ट्रेड, पात्रता आणि नेमके अडवणारे कागद

आयटीआयचा अर्ज भरणं तसं फार वेळखाऊ काम नाही. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश पोर्टलवर नोंदणी करायची, शुल्क भरायचं, आयटीआयत मूळ कागद दाखवून अर्ज निश्चित करायचा आणि ट्रेडचे, म्हणजे शिकायच्या कामाच्या अभ्यासक्रमांचे, विकल्प पसंतीक्रमाने भरायचे. वय १४ पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही, त्यामुळे पस्तिशीतला माणूसही अर्ज करू शकतो. गाडी अडते ती पुढच्या गोष्टींवर.

पहिली गोष्ट मोबाईल नंबरची. अर्ज सायबर कॅफेत भरला जातो, ओटीपी लवकर यावा म्हणून दुकानदार स्वतःचाच नंबर टाकतो, आणि जागा बहाल झाल्याचा मेसेज त्याच्याच फोनवर जातो. त्या दिवसात त्याच्याकडे असे ढिगानं मेसेज येत असतात. मुलाला कळतं तेव्हा प्रवेशाची मुदत संपलेली असते. नंबर घरातलाच द्या, पासवर्ड वहीत लिहून ठेवा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच भरा. आधारवर वेगळं असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला बरोबर ठेवावा.

आता ट्रेड. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, मोटार मेकॅनिक हे दोन वर्षांचे. त्यांना गणित-विज्ञानासह दहावी उत्तीर्ण लागते. वेल्डर, प्लंबर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर), डिझेल मेकॅनिक, शिवणकाम एका वर्षाचे. दहावी नापास म्हणून घरी बसलेल्यांसाठी वेल्डर, वायरमन, सुतारकाम, शीट मेटल अशी दारं उघडी आहेत, आणि वायरमन तर दोन वर्षांचा आहे. हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. पुढे डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात जायचा विचार असेल तर दहावीनंतर दोन वर्षांचाच ट्रेड लागतो. ‘लवकर संपतो’ म्हणून एका वर्षाचा निवडायचा आणि नंतर पॉलिटेक्निकच्या दारातून परत यायचं, असं होऊ देऊ नका.

सगळ्यात जास्त अर्ज घसरतात ते नॉन-क्रिमीलेअर दाखल्यावर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही असं सांगणाऱ्या कागदावर. ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) या सगळ्यांना तो लागतो. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. लोक तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन येतात आणि म्हणतात, ‘हाच की तो.’ नाही. नॉन-क्रिमीलेअर वेगळा असतो आणि प्रांत कार्यालयातून मिळतो. दुसरी चूक तारखेची. दाखल्यावर सही कधीची आहे ते बघू नका, खाली ‘३१ मार्च पर्यंत वैध’ असं जे लिहिलंय ते वर्ष बघा. प्रवेश जून-जुलैत असतात. म्हणजे गेल्या मार्चला संपलेला दाखला घरात कितीही कोरा करकरीत दिसला तरी बाद. केंद्राच्या नोकरीसाठी काढलेला नमुनाही इथे चालत नाही, राज्याचाच लागतो. कागद वेळेत नसेल तर अर्ज फेटाळत नाहीत, खुल्या प्रवर्गात टाकतात. फिटरच्या यादीत त्याचा फटका कळतो.

जातीचा दाखलाच काढायचा असेल तर आणखी कठीण. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, तर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? या प्रश्नाचं उत्तर खिडकीवर मिळत नाही, ‘पुरावा आणा’ एवढंच मिळतं. तेव्हा आजोबांवर थांबू नका. चुलत आजोबा, आत्या, वडिलांचे काका, यांच्यापैकी कुणी शाळेत गेलं असेल तर तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. जुना जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा, खरेदीखत यांतही जात लिहिलेली सापडते. नातं जुळवणारी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. याला महिने लागतात. निकालानंतर सुरुवात केली तर यंदाचं वर्ष हातचं गेलं समजा. नववीतच हे काम काढा.

विकल्प भरताना पहिल्या क्रमांकाला जपून हात घाला. पहिल्या फेरीत पहिला विकल्प बहाल झाला तर तो घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या केंद्रीय फेऱ्यांतून बाहेर. ‘टाकून बघू, नको वाटलं तर बदलू’ हे इथे जमत नाही. एसटीनं रोज जाता येणार नाही असं गाव केवळ ट्रेड चांगला म्हणून वर लिहू नका. वर्षभरात ८० टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेलाच बसू देत नाहीत.

प्राथमिक गुणवत्ता यादी लागली की हरकतीची मुदत मिळते, फार थोडी. त्याच दिवशी नाव, प्रवर्ग, गुण तिन्ही तपासा. खासगी आयटीआयत जाणार असाल तर शुल्क भरण्याआधी एक विचारा: या ट्रेडच्या या तुकडीला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी, लोक अजून ‘एनसीव्हीटी’ म्हणतात ती) संलग्नता, म्हणजे मान्यता, आहे का? ‘संस्थेला आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. संलग्नता ट्रेडनिहाय आणि तुकडीनिहाय असते, तेव्हा पत्र दाखवायला सांगा.