रेषेच्या आत आणि रेषेच्या बाहेर : फुटबॉल वर्गातील वर्तनाविषयी पालकांसाठी माहितीपत्रक

जळगावात क्रीडा साहित्याचे छोटे दुकान चालवत असतानाच आम्ही आठ ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी सकाळचा फुटबॉल वर्ग सुरू केला. प्रवेश घ्यायला येणारे पालक फी विचारतात, वेळ विचारतात, बुटाचा नंबर विचारतात आणि मूल दमेल का, हेही विचारतात. मैदानावर कसे वागायचे असते, हे सहसा कुणी विचारत नाही, आणि पुढे वर्षभरात जे काही वाद होतात ते बहुतेक याच न विचारलेल्या गोष्टीवरून होतात. म्हणून हे पत्रक प्रवेशाच्या पावतीसोबत देत आहोत. ते वाचूनच सही करावी, अशी विनंती आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आपण भरता ती फी प्रशिक्षणाची, मैदानाच्या भाड्याची, चेंडूंची आणि पंचांच्या मानधनाची असते. ती संघातल्या जागेची किंवा विजयाची किंमत नसते. बारा वर्षांखालील गटात प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात निदान अर्धा वेळ खेळायला मिळेल, ही हमी आम्ही देतो. लहान वयोगटाच्या सामन्यांत बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची सोय नियमांनी ठेवलेली असल्याने हे सहज जमते. त्यापुढच्या वयोगटात मात्र सरावाची हजेरी आणि वागणूक पाहून संघ निवडला जातो, आणि चांगला खेळणारा पण सोबत्यांना घालूनपाडून बोलणारा मुलगा बाकावर बसलेला दिसला तर ती आमची नजरचूक समजू नये.

रेषेबाहेरचे लोक

गेल्या हिवाळ्यात बारा वर्षांखालील मुलांचा एक मैत्रीचा सामना होता. आमचा उजव्या बाजूचा मुलगा चेंडू घेऊन निघाला तेव्हा प्रशिक्षकांनी त्याला मागे पास द्यायला सांगितले आणि त्याच क्षणी रेषेवरून त्याचे वडील ओरडले, "सेंटर मार, सेंटर!" मुलगा थांबला. चेंडू तळव्याखाली दाबून त्याने आधी प्रशिक्षकांकडे आणि मग वडिलांकडे पाहिले, आणि तेवढ्यात समोरच्या मुलाने त्याच्या पायाखालचा चेंडू काढून नेला. पुढची हाक आली ती अहिराणीत : "पाडी टाक रे त्याले!" मुलाने वडिलांचा शब्द पाळला. मागून धावत जाऊन त्याने पाय घातला, समोरचा मुलगा पडला, पिवळे कार्ड निघाले. बाकावर परतल्यावर तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, "सर, पप्पांनीच सांगितलं." हे गृहस्थ एरवी अतिशय सौम्य आहेत, दुकानात भावसुद्धा करत नाहीत. सामना पाहताना माणसाचे काय होते हे त्यालाच कळत नाही, एवढाच याचा अर्थ.

तेव्हापासून आमच्या सामन्यांना पालकांची जागा ठरवून दिलेली आहे. दोन्ही संघांचे बाक ज्या बाजूला असतात त्याच्या समोरच्या बाजूला, पार्श्वरेषेपासून दोन मीटर मागे चुन्याची दुसरी रेघ ओढलेली असते आणि पालकांनी तिच्या मागे उभे राहायचे असते. गोलच्या मागे कुणीही थांबू नये, गोलरक्षकाचे आईवडील असले तरीही. पाठीमागून येणाऱ्या सूचनांमुळे त्या मुलाची जी तारांबळ उडते ती एकदा जवळून पाहिलेला माणूस पुन्हा तिथे उभा राहत नाही. टाळ्या वाजवा, नाव घेऊन शाबासकी द्या, समोरच्या संघाच्या चांगल्या खेळालाही दाद द्या. "मार", "पळ", "दे", "सोड" अशा सूचना मात्र देऊ नका, कारण दहा वर्षांच्या मुलाला एका वेळी एकाच माणसाचे ऐकता येते आणि सामन्यात तो माणूस प्रशिक्षक असायला हवा.

पंच

आमच्या वर्गांतर्गत सामन्यांना शिटी वाजवणारे पंच बहुधा महाविद्यालयात शिकणारी मुले असतात. त्यांच्या चुका होतात, ऑफसाइड (पास मिळण्याआधीच खेळाडू बचावफळीच्या पुढे उभा असणे) तर चुकतेच चुकते. पण खेळातल्या घटनांविषयी पंचांचा निर्णय अंतिम असतो, हे फुटबॉलच्या नियमपुस्तकातील पाचव्या नियमात लिहिलेले आहे. बाहेरचा हस्तक्षेप वाढला तर सामना थांबवण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकारही त्याच नियमाने त्यांना दिला आहे. आमच्या एका तरुण पंचाने एका दुपारी प्रेक्षकांची भाषा ऐकून शिटी गळ्यातून काढली, टेबलावर ठेवली आणि तो सायकलवर बसून घरी निघून गेला. त्याच्या जागी दुसरा माणूस मिळेपर्यंत चाळीस मिनिटे दोन्ही संघ सावलीत बसून होते. त्या दिवशी ओरडणाऱ्यांपैकी कुणीही शिटी हातात घ्यायला पुढे आला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

खेळाडूंपैकी पंचांशी बोलण्याचा अधिकार फक्त कर्णधाराला आहे. अलीकडच्या नियमपुस्तकाने ही पद्धत स्पर्धा भरवणाऱ्यांना पर्याय म्हणून सुचवलेली आहे, आणि आम्ही ती सर्व वयोगटांत स्वीकारली आहे. कर्णधार आळीपाळीने बदलतो, त्यामुळे हात मागे बांधून, "सर, तो फाउल कशासाठी होता?" असे शांतपणे विचारणे प्रत्येक मुलाला कधी ना कधी करावे लागते. एरवी सगळ्यांत तावातावाने भांडणारी मुले दंडाला पट्टी बांधली की कमालीची समंजस होतात, हा आमचा अनुभव आहे.

पिवळी आणि लाल कार्डे १९७० साली मेक्सिकोतील विश्वचषकापासून वापरात आली. केन ॲस्टन या इंग्रज पंचांना ती कल्पना लंडनच्या रस्त्यावरील सिग्नलचे दिवे पाहून सुचली : पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे थांबा. दोन पिवळी मिळाली की लाल होते, लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेता येत नाही, आणि संघात सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना पुढे चालू ठेवता येत नाही. २०१९ पासून ही कार्डे प्रशिक्षकांनाही दाखवता येतात. बाकावरून नेमके कोण बोलले हे पंचांना कळले नाही, तर तिथे असलेल्या मुख्य प्रशिक्षकालाच कार्ड मिळते. आमच्या प्रशिक्षकांना ते मिळाले तर त्यांचे त्या सामन्याचे मानधन कापले जाते.

कार्डांचा हिशेब नुसता वहीत राहतो असे समजू नये. २०१८ च्या रशियातील विश्वचषकात एकाच गटातील जपान आणि सेनेगल यांचे गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोल सारखे आणि आपसातला सामनाही बरोबरीत सुटलेला होता. शेवटी जपानची चार आणि सेनेगलची सहा पिवळी कार्डे मोजली गेली, आणि त्या दोन कार्डांच्या फरकाने सेनेगलचा संघ घरी परतला.

आमच्या वर्गांतर्गत सामन्यांत पंचांशी हुज्जत घातल्यास किंवा शिवी दिल्यास कार्डाबरोबर पाच मिनिटे बाहेर बसावे लागते. लहान वयोगटासाठी अशी तात्पुरती हकालपट्टी नियमांना मान्य आहे आणि तिचा काळ एकूण खेळाच्या दहा ते पंधरा टक्के असावा असे त्यात सांगितलेले आहे. आमचे सामने चाळीस मिनिटांचे असतात, म्हणून पाच मिनिटे. या शिक्षेचा उपयोग दंडापेक्षा अधिक होतो, कारण शिक्षा संपल्यावर मुलाला परत खेळायला मिळते आणि तेवढ्यात त्याचा रागही उतरलेला असतो.

खिलाडूपणा म्हणजे आम्ही काय समजतो

डिसेंबर २००० मध्ये इंग्लंडमधील एका लीग सामन्यात एव्हर्टनचा गोलरक्षक जखमी होऊन पडलेला असताना वेस्ट हॅमच्या पाओलो दी कानियोकडे चेंडू आला. समोर गोल जवळजवळ रिकामा असताना त्याने चेंडू सरळ हातात पकडला आणि खेळ थांबवला. पुढे फिफाने त्याचा गौरव केला. हाच खेळाडू दोन वर्षांपूर्वी पंचांना ढकलल्याबद्दल दीर्घ बंदी भोगून आलेला होता, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो. आज चुकलेला मुलगा कायमचा वाईट ठरत नाही, हे त्यांना कळले पाहिजे.

आज मुलांकडून आमची एवढी अपेक्षा नाही. गंभीर दुखापत झाली तर खेळ थांबवणे हे पंचांचे काम आहे, आणि २०१९ च्या बदलानंतर असा थांबलेला खेळ सुरू करताना चेंडू सहसा शेवटचा स्पर्श ज्या संघाचा होता त्याच्याच एका खेळाडूसमोर टाकला जातो व बाकीच्यांना चार मीटर दूर उभे राहावे लागते. त्यामुळे मुलांनी एवढेच करावे : शिटी होईपर्यंत खेळावे, पडलेल्याला हात द्यावा, थ्रो (बाहेर गेलेला चेंडू हाताने आत टाकण्याची पाळी) आपला नसेल तर चेंडू गुपचूप समोरच्याला द्यावा आणि न लागताच लोळू नये. एक संघ पाच गोलांनी पुढे गेला की मागे पडलेल्या संघाला आम्ही एक खेळाडू जादा देतो. काही पालकांना हे रुचत नाही, पण तेरा-शून्याने हरलेली मुले पुढच्या रविवारी सरावाला येत नाहीत आणि जिंकलेल्यांनाही त्या खेळातून काही शिकायला मिळालेले नसते.

अहिराणी बोलतो म्हणून, गावाकडून एसटीने येतो म्हणून, जाड आहे म्हणून किंवा मुलगी आहे म्हणून कुणाला हसलेले आम्ही खपवून घेत नाही. या बाबतीत पिवळे कार्ड नसते. पहिल्याच वेळी त्या दिवसापुरते मूल घरी जाते आणि पालकांना फोन केला जातो.

वयाचा प्रश्न

शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात, आणि वयाची चोरी हा लहान मुलांच्या फुटबॉलमधला सगळ्यात जुना दोष आहे. पंधरा वर्षांचा मुलगा बारा वर्षांच्या मुलाला धडकतो तेव्हा फक्त स्पर्धा अन्यायाची होत नाही, हाड मोडण्याचीही वेळ येते. आम्ही मूळ जन्मदाखला पाहतो, छायाप्रत चालत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका चांगल्या खेळाडूच्या जन्मदाखल्यात आणि शाळेच्या दाखल्यात अकरा महिन्यांचा फरक निघाला. शाळेत नाव घालताना कुणीतरी तारीख सोयीने लिहिली होती, मुलाचा त्यात काहीच दोष नव्हता. आम्ही त्याला वरच्या गटात घातले, त्या वर्षी उपांत्य सामना हरलो आणि त्याच्या काकांनी दुकानात येणे बंद केले. मुलगा मात्र अजून येतो.

साहित्याविषयी, थोडक्यात

शिनगार्ड (नडगीवर बांधायच्या संरक्षक पट्ट्या) सक्तीचे आहेत आणि ते मोज्याने पूर्ण झाकलेले असावेत. कडे, बाळी, अंगठी, साखळी, रबर बँड काहीही चालत नाही, आणि त्यावर चिकटपट्टी लावून खेळण्यास नियमाने स्पष्ट मनाई आहे. गळ्यातल्या ताईताबाबत पालकांना अवघड वाटते याची आम्हाला कल्पना आहे; तो सामन्यापुरता आईच्या हातात द्यावा. आठ ते बारा वयासाठी चार नंबरचा आणि त्यापुढे पाच नंबरचा चेंडू वापरतो. पावसाळ्यात आपली काळी माती स्टडमध्ये (बुटाच्या तळाच्या खुंट्यांमध्ये) भरून बूट वीट बांधल्यासारखा जड होतो, म्हणून मध्यंतरात काडीने माती काढणे सक्तीचे आहे. उन्हाळ्यात तीच जमीन दगडासारखी होते, त्यामुळे मार्च ते जून बारा वर्षांखालील मुलांना घसरून चेंडू काढण्यास मनाई आहे. एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळी साडेसातलाच संपतो आणि प्रत्येक अर्ध्या डावात पाण्यासाठी खेळ थांबतो.

आमच्याकडून आपण काय मागू शकता

प्रशिक्षक मुलांवर हात उचलणार नाहीत, शिवी देणार नाहीत, आणि शिक्षा म्हणून उन्हात मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणार नाहीत. कोणताही प्रशिक्षक कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटा थांबणार नाही, त्याला स्वतंत्र व्हॉट्सॲप संदेश पाठवणार नाही. निरोप पालकांच्या गटावरच येतील. बाहेरगावच्या सामन्याला मुली असतील तर सोबत महिला प्रशिक्षक किंवा एखादी आई असेलच. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला लागू आहे, आणि अशा घटनेची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे त्यात बंधनकारक आहे. असे काही कानावर आले तर "आपसात मिटवू" असे आम्ही म्हणणार नाही आणि आपणही म्हणू नये. मुलांना मदतीसाठी १०९८ हा क्रमांक पाठ करून घेतो.

निवड, खेळण्याचा वेळ किंवा प्रशिक्षकांचे बोलणे यांविषयी तक्रार असेल तर ती सामन्याच्या दिवशी, मैदानावर, मुलांसमोर करू नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत दुकानात यावे. चहा घेऊन बोलू. एका रात्रीत निम्म्या तक्रारी विरून जातात आणि उरलेल्या निम्म्यांत बहुधा तथ्य असते. प्रशिक्षकाची चूक असेल तर तो मुलाची माफी मागेल, आणि ती संघासमोर मागेल.

रेषेबाहेरून शिवीगाळ किंवा पंचांवर धावून जाण्याचा प्रकार घडल्यास पहिल्या वेळी त्या पालकांना एक महिना सामन्याला येता येणार नाही. मूल मात्र खेळत राहील. दुसऱ्या वेळी प्रवेश रद्द होईल आणि उरलेल्या महिन्यांची फी आठ दिवसांत परत केली जाईल. "मुलाला काढले पण पैसे ठेवले" असे म्हणायची वेळ आम्ही येऊ देणार नाही. आतापर्यंत असे एकदाच करावे लागले, आणि त्या मुलाचे वाईट आम्हाला अजून वाटते.

पत्रकाच्या शेवटी कापायची पट्टी आहे. तिच्यावर एका पालकाची आणि मुलाची अशा दोन्ही सह्या हव्यात. मूल लहान असेल तर पत्रक त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि रेषेबाहेरच्या लोकांविषयीचा भाग वाचताना आवाज खाली आणू नये. पट्टी पहिल्या सरावाच्या आधी दुकानात जमा करावी. ती मिळाल्यावरच जर्सीवर नाव आणि नंबर छापायला दिला जातो. दुकान सोमवारी बंद असते.